भोंग्यावरचं नाव

रित्सुओ कायम शेवटी. शाळेच्या रांगेत शेवटी, कारण उंच. लग्नाला शेवटी, कारण मुलगी बघायला गेला की मुलीकडे बघायचं सोडून तिच्या घराचं छप्पर बघत बसायचा. आणि सायकलवरही शेवटी, कारण तेच. चालत्या सायकलवर मान वर करायचा, ब्रेक दाबायचा आणि ओरडायचा, "ए, थांबा रे, ते माझं आहे!" आम्ही वैतागून मागे बघायचो. ते म्हणजे कुणाच्या तरी घराचं छप्पर. घर भलत्याचंच असायचं, छप्पर मात्र याचं.

"दिसलं? पुढच्या उताराला एकही कौल हललेलं नाही. एकोणचाळीस वर्षं झाली."

"दिसलं बाबा, दिसलं. चल आता, भूक लागलीय," असं मी म्हणायचो, आणि तो तिथेच आणखी पाच मिनिटं उभा.

मी बुन्जी. तोबिउरा या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात माझं केस कापायचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं आहे, माझ्यानंतर कुणाचं नाही. एकाहत्तर वर्षांचा आहे मी आणि तोंडाचा फटकळ आहे, हे गावात कुणालाही विचारा. गावात विचारायला माणसं उरली असतील तर.

रित्सुओ पंधराव्या वर्षी बापाबरोबर छपरावर चढला. बाप भयंकर. कौल वाकडं बसलं की खालून खापरी भिरकावायचा, ती लागायचीसुद्धा. आमच्या किनाऱ्याची कौलं तांबूस तपकिरी, भट्टीतून काढली की काचेसारखी चकाकतात. खारा वारा नि हिवाळ्यातला बर्फ त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. रित्सुओने चाळीस-बेचाळीस वर्षांत असली तीनशेच्या वर छपरं शाकारली. लग्न झालं तेव्हा मदतीला गडी ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून बायको, फुसाएवहिनी, शिडीवर उभी राहून एकेक कौल वर द्यायची. तान्ही पोर खाली टोपलीत. लोक हसायचे. ती दोघं मात्र वर बसून डबा खायची, छपराच्या आढ्यावर, पाय सोडून. मला तर खालून बघूनच चक्कर यायची.

चाळिशीत एकदा पडला. डाव्या पायाचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. चालताना लंगडायचा, पण सायकलवर ते कळायचं नाही. म्हणून तर त्याला सायकल आवडायची.

मग कामं आटली. नवी घरं कुणी बांधेना, बांधली तर पत्र्याची. म्हातारी माणसं मेली, पोरं ओसाकाला गेली ती गेलीच. रित्सुओची पोरगीही तिकडेच. शेवटची दहा वर्षं त्याला काम मिळायचं ते पाडायच्या घरांवरची कौलं उतरवायचं. आपणच चढवलेली आपणच उतरवायची! मी त्याला एकदा म्हटलं, "तुला काही वाटत नाही का रे?" तर म्हणाला, "दुसऱ्या कुणी उतरवली तर फोडून टाकील." हे बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता की मी पुढे विचारलंच नाही.

साठी ओलांडल्यावर आम्ही तिघांनी ऑक्टोबरातली सायकलवारी सुरू केली. मी, रित्सुओ आणि मोरिओ. मोरिओने तीस वर्षं शाळेची बस चालवली. शाळा बंद पडली, बस गेली, पण शिस्त काही गेली नाही. चार दिवस, किनाऱ्याकिनाऱ्याने, रोज चाळीस किलोमीटर. सायकली खोलून पिशव्यांत घालायच्या, आगगाडीने लांब जायचं, तिथे उतरून जोडायच्या आणि घराच्या दिशेने परत यायचं. पुढे मोरिओ, मध्ये मी, शेवटी रित्सुओ. आमच्याकडे बोगदे फार, अरुंद आणि काळेकुट्ट, बाजूने ट्रक गेला की जीव मुठीत. म्हणून मोरिओचा नियम असा की बोगद्यातून बाहेर पडलं की शाळेसारखी हजेरी. तो ओरडणार "एक!", मी "दोन!", आणि मागून रित्सुओ "तीन!" एकाहत्तर वर्षांचे तीन थेरडे रस्त्यात आकडे ओरडतायत म्हटल्यावर लोक बघणारच. बघू देत.

गेल्या हिवाळ्यात रित्सुओचं बिनसायला लागलं. आधी शब्द जायचे. मग रस्ते. माझ्या दुकानातून त्याचं घर सरळ चारशे पावलांवर, तरी एकदा बाहेर पडून तो बंदराकडे चालायला लागला. मी हाक मारली तर हसून म्हणाला, "हवा खायला चाललोय." त्याला छपरं मात्र सगळी आठवायची. कुठल्या घराला किती कौलं, कुठल्या साली, मालकाने चहा कसा दिला होता, सगळं.

एप्रिलात तो खुर्चीत बसला होता, मानेला पांढरं कापड, अर्धे केस कापून झालेले. बाहेरचा भोंगा वाजला. आमच्याकडे प्रत्येक गावात खांबावर नगरपालिकेचे भोंगे असतात. भूकंप आला, समुद्राची लाट येणार असली तर सांगायला. एरवी संध्याकाळी पाचला गाणं वाजतं. आणि कुणी म्हातारं माणूस घरातून निघून हरवलं तर त्याचं नाव, वय, अंगावरचे कपडे, सगळं त्यावर सांगतात. त्या दिवशी नाव आलं ओगावारा मास्तरांचं. आमचेच मास्तर. वय ब्याण्णव, अंगात निळा पायजमा, पायात काही नाही. तासाभरात बसच्या थांब्यावर सापडले, ठणठणीत. पण गाव ते गाव. लोक त्यांना भोंगामास्तर म्हणायला लागले. तोंडावर नाही म्हणायचे, पण म्हणायचे. मास्तर त्यानंतर घराबाहेर पडले नाहीत. त्यांचे केस मीच घरी जाऊन कापतो. भिंतीकडे तोंड करून बसतात.

भोंगा थांबला तेव्हा रित्सुओ आरशातून माझ्याकडे बघत होता.

"बुन्जी, माझं नाव त्याच्यावर जाऊ देऊ नकोस."

"गप्प बस, कान कापला जाईल."

"चेष्टा नाही. मी कुठे गेलो तर तुम्ही दोघं शोधा. सापडलो तर ठीक, नाही तर नाही. पण सगळ्या गावाला माझा पायजमा कळायला नको. शपथ घे."

"बरं बाबा, घेतली," मी म्हणालो. हातात कात्री होती, मागे दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. शपथ घ्यायला काय लागतं?

ऑक्टोबर आला. डॉक्टर म्हणत होते सायकल बंद करा. वहिनी म्हणाली, या वर्षी जाऊ द्या त्यांना, पुढच्या वर्षी मी स्वतःच सायकल देऊन टाकीन कुणाला तरी. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. खुर्चीत बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"भाऊजी, त्यांच्या जाकिटाच्या आत मी नाव नि फोन नंबर शिवलाय. खिशात फोन दिलाय. पण ऐका. जरा जरी चुकामूक झाली ना, तरी पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही. लगेच पोलिसांना सांगायचं आणि मला फोन करायचा. भोंग्यावर नाव सांगायला घरच्यांची परवानगी लागते. मी देईन. लगेच देईन. लाज वगैरे मला काही नाही."

"वहिनी, आम्ही दोघं आहोत ना."

"तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय. वचन द्या."

तेही दिलं. वचनं वाटत सुटलो होतो मी.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बंदरातल्या खानावळीवजा मुक्कामाच्या घरी उतरलो. गरम पाण्याच्या हौदात तिघं मानेपर्यंत बुडून बसलो होतो. मोरिओ शेजारीच डोक्यावर घडी केलेला पंचा ठेवून डुलत होता. रित्सुओ मला हळूच म्हणाला, "मोरिओ अजून आला नाही का रे? जेवायची वेळ झाली."

मोरिओने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग अगदी बसमधल्या आवाजात म्हणाला, "येईल. रस्त्यात आहे."

बाहेर आल्यावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "आपण उद्या आगगाडी धरून परत जाऊ."

"आणि त्याला काय सांगायचं? आणखी दोनच दिवस आहेत. त्याचे शेवटचे दोन."

"बुन्जी, मला भीती वाटते रे."

"तुला बोगद्याचीही वाटते," मी म्हणालो. असं माझं तोंड.

तिसऱ्या दिवशी ढग होते, वारा पाठीमागून. दुपारी साडेबाराच्या सुमारास आम्ही एका लांब बोगद्यातून बाहेर पडलो. "एक!" मोरिओ ओरडला. "दोन!" मी ओरडलो. मागून काहीच नाही.

सांगायला लाज वाटते, पण आम्ही हसलो. मी म्हणालो, "सापडलं असेल एखादं छप्पर." कठड्यावर बसलो, भाताचे गोळे काढले, खाल्ले. खारवलेल्या मासळीचा एक तुकडा त्याच्यासाठी ठेवला. वीस मिनिटं अशी गेली. मग मोरिओ उठला, आम्ही उलटे बोगद्यातून मागे गेलो. तिकडे रस्ता रिकामा.

त्याच्या फोनवर फोन केला. कालच्या मुक्कामाच्या बाईंनी उचलला. "अहो, हा फोन तुमच्या गादीत राहिलाय. काही झालंय का?"

"छे छे, काही नाही. येऊन नेतो," मी म्हणालो आणि तीनदा माफी मागितली. का? काही झालं होतं ना!

"एक वाजलाय," मोरिओ म्हणाला. "मी पोलिसांना सांगतो."

"थांब."

"कशाला थांबायचं? त्याला कळत नाही बुन्जी, मी शेजारी असताना त्याला मी दिसलो नाही!"

"अरे, पोलिसांना सांगितलं की ते वहिनीला फोन करणार, ती हो म्हणणार, आणि मग भोंगा. त्याने माझ्याकडून शपथ घेतलीय. अर्धा तास. आपण शोधू. सापडेल तो, जाऊन जाऊन जाणार कुठे, एक पाय लंगडा."

"सायकलवर कुठे असतो लंगडा?"

"अर्धा तास म्हटलं ना!"

मोरिओ नेहमी माझं ऐकत आलाय. मी आरडाओरडा करतो, तो ऐकतो. साठ वर्षं हेच.

अर्ध्या तासाचा एक तास झाला, एकाचे दोन. आम्ही बंदरात गेलो, धक्क्यावर गेलो, देवळाच्या पायऱ्या चढून गेलो. जाळं सांधत बसलेल्या एका कोळ्याने विचारलं, "कुणाला शोधताय काय?" मी हसलो. हो, हसलो. म्हणालो, "नाही, सहज. मित्र मागे राहिलाय, आळशी आहे." तो म्हणाला, होडी काढू का, किनाऱ्याने बघून येतो. मी म्हणालो, नका हो, तुमच्या कामात व्यत्यय कशाला. मोरिओ माझ्यामागे उभा राहून नुसता सायकलची घंटी चाचपत होता.

बोगद्याच्या अलीकडे जुना रस्ता फुटतो, डोंगरावर कामिनो नावाच्या वाडीकडे. बोगदा व्हायच्या आधी सगळे तिकडूनच जायचे. आम्ही पहिल्या वळणापर्यंत चढून बघितलं. चढ सरळसोट. मी म्हणालो, "हा चढ तो चढणार नाही." पंचावन्न वर्षांपूर्वी तो बापाबरोबर खांद्यावर कौलं घेऊन तोच चढ चढला होता, हे मला माहीत होतं. त्यानेच दहा वेळा सांगितलं होतं. मला तेव्हा आठवलं नाही, आणि विसरायचा आजार म्हणे त्याला होता.

चार वाजले तेव्हा मोरिओने सायकल रस्त्यात टाकून दिली. तो रडत होता. "आता मी करतो फोन. तू मला मारलंस तरी करतो."

मी नाही अडवलं. पोलीस आला, पोरगेलासा, फार अदबीने बोलणारा. त्याने वही काढून विचारलं, "शेवटचं कधी पाहिलंत?" मोरिओने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आत्ताच. साडेतीन-चारच्या सुमारास." का म्हणालो? साडेबारा म्हटलं असतं तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. वहिनीलाही फोनवर तेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं लगेच कळवलंत. मी हो सांगते. निघते मी."

पाचला गाणं वाजलं आणि त्याच्या पाठोपाठ नाव. एकाहत्तर वर्षांचे, उंची एकशे शहात्तर सेंटीमीटर, करडं जाकीट, पांढरं हेल्मेट, हिरवी सायकल. डोंगरावर आपटून प्रत्येक शब्द दोनदा येत होता. दहा मिनिटांत त्या छोट्याशा गावातली माणसं बाहेर आली. अग्निशमनाचे स्वयंसेवक लाल गाडी घेऊन आले, तो कोळी होडी काढून गेला. शाळेच्या पोरी, दुकानदार, कुणी आम्हाला एका शब्दाने बोललं नाही. उलट आमच्यासमोर वाकून म्हणायचे, काळजी करू नका. इतकी माणसं होती तिथे! दुपारभर होती. मी फक्त तोंड उघडायचं होतं.

वहिनी पोचली आणि जेमतेम गाडीतून उतरतेय तोच भोंगा पुन्हा वाजला. "मघाशी ज्यांची माहिती दिली होती त्या व्यक्तीचा शोध लागला आहे. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार." बस, एवढंच. माणूस जिवंत मिळालं की आमच्याकडे सुखरूप सापडले असं सांगतात. ज्याच्याबद्दल तसं सांगता येत नाही, त्याचा नुसता शोध लागला. लहान पोरालासुद्धा कळतं ते. आजूबाजूच्या लोकांनी टोप्या काढल्या. वहिनी गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. मग सगळ्यांकडे वळून कमरेतून वाकली. तशीच वाकलेली राहिली, मला वाटलं आता उठतच नाही.

तो कामिनोत सापडला. एका रिकाम्या घराच्या मागच्या अंगणात, वळचणीखाली. भिंतीला शिडी, पलीकडे सायकल नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट हँडलला. वरची आढ्याची तीन कौलं सरळ बसवलेली होती, चौथं अर्धवट. ते घर त्याच्या पहिल्या दोन-तीन कामांपैकी. डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं, मान मोडली, कळलंही नसेल. मला बाहेर गाठून वेगळं सांगितलं, कारण मी विचारलं. पडल्यावर लगेच गेला नव्हता. तास-दीड तास होता. हे मी मोरिओलाही सांगितलेलं नाही. आज इथे पहिल्यांदा सांगतोय.

मोरिओ अंत्यविधीला आला, उदबत्ती लावली, दहनानंतर आमच्याकडे जवळची माणसं चॉपस्टिकने हाडं उचलून कलशात ठेवतात, तीही उचलली. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. केस शेजारच्या गावात जाऊन कापून घेतो.

पंधरा दिवसांनी वहिनीने फोन केला. ज्या लोकांना त्रास झाला त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची होती, आमच्याकडे ते करावंच लागतं. मिठाईचे चोवीस खोके बांधून तयार होते. म्हणाली, "भाऊजी, मला तिथले रस्ते माहीत नाहीत. तुम्ही याल का बरोबर?" नाही कसं म्हणणार? दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी तिच्यामागून चालत होतो. पोलीस चौकी, अग्निशमन, कोळ्याचं घर, तो समुद्रावर गेला होता म्हणून मी वाचलो. प्रत्येक दारात ती वाकायची आणि म्हणायची, "आमच्या घरच्या माणसामुळे आपल्याला फार त्रास झाला." प्रत्येक दारात मीही वाकायचो. तिला लोक सांगायचे, तुमच्या मित्रांनी वेळेवर कळवलं तरी दैवात नव्हतं. आणि ती म्हणायची, "हो, यांनी फार केलं."

शेवटी कामिनो. वाडीत पाच घरांत माणसं उरलीत. पहिल्या घरी तोयोनो नावाच्या आजी राहतात, शहाऐंशीच्या, एकट्या. वहिनीने नाव सांगितलं मात्र, म्हातारी ओसरीवर गुडघे टेकून खाली कोसळली. कपाळ फळीला टेकलं.

"शिडी माझी होती," ती म्हणाली. "मी पोलिसांना सांगितलं नाही. भ्याले. बाई, मीच तुमच्या माणसाला शिडी दिली."

वहिनी तिच्यासमोर खाली बसली. "आजी, वर बघा. काय झालं ते सांगा मला. मला कुणी काहीच सांगू शकत नाही."

"अंगणात आले. हेल्मेट काढून किती नीट वाकले! म्हणाले, वरच्या घराचं आढं सरकलंय, पाऊस आत जाईल, शिडी मिळेल का. मला वाटलं मालकाने कौलांवाला बोलावला असेल. बोलणं अगदी कारागिराचं. मी म्हटलं चहा घ्या आधी. तर म्हणाले, उतरल्यावर घेतो." म्हातारीचे ओठ हलत राहिले. "मला अडीचची बस धरायची होती, मुलीकडे चालले होते, दवाखान्यासाठी. मी म्हटलं, शिडी तिथेच राहू द्या. आणि गेले. दोन दिवसांनी आले तेव्हा कळलं. अहो, भोंगा माझ्या दारातच आहे, हा बघा खांब. त्यावर एक अक्षर जरी आलं असतं ना, की असा असा माणूस आहे, त्याला विसर पडतो, तर मी त्यांना हलू दिलं नसतं. शिडीवर जाऊन बसले असते मी स्वतः!"

"अडीचची बस," वहिनी म्हणाली. "म्हणजे ते आले तेव्हा किती वाजले होते?"

"पावणेदोन. दीड-पावणेदोन."

वहिनी माझ्याकडे वळली. रागाने नाही. हिशोब न जुळणाऱ्या माणसासारखी बघत होती नुसती. "तुम्ही चार म्हणाला होतात ना?"

आजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईने म्हणाल्या, "चुकत असेन हो मीच. म्हाताऱ्या माणसाला वेळेचं काय कळतंय? दुसऱ्या दिवशीची बस असेल. माझं काही खरं नाही."

दार उघडं होतं माझ्यासाठी. शहाऐंशी वर्षांची बाई स्वतःहून खोटी पडायला तयार होती, एका अनोळखी माणसाची अब्रू जाऊ नये म्हणून. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. सगळं तिच्या अंगावर राहिलं असतं, आणि ती किती वर्षं राहणार होती? हे माझ्या मनात आलं. आलं, म्हणून सांगतो.

"नाही आजी," मी म्हणालो. "तुमची वेळ बरोबर आहे. तो साडेबाराला हरवला. आम्हाला एक वाजता माहीत होतं. मोरिओ तेव्हाच फोन करत होता. मी करू दिला नाही. चार मी खोटं सांगितलं."

मग वहिनीने म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, तुम्ही शिडी दिलीत हे फार बरं केलंत. वर्षभरात त्यांना कारागीर म्हणून कुणी ओळखलं नव्हतं. घरात मीसुद्धा त्यांना पोरासारखी वागवत होते." मिठाईचा खोका पुढे ठेवला, वाकली आणि उठली.

बाहेर खांबाजवळ ती थांबली. मी म्हणालो, "वहिनी, त्याने माझ्याकडून शपथ घेतली होती. भोंग्यावर नाव..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी मला. खूश होते. बुन्जीने शपथ घेतलीय म्हणाले."

मी खांबावरच्या भोंग्याकडे बघितलं.

"म्हणूनच तर मी दुकानात आले होते, भाऊजी. मोरिओभाऊजींकडे नाही गेले. म्हटलं, शपथ ज्याने घेतली, ती मोडायचं वचनही त्याच्याकडूनच घ्यावं."

तिने माझ्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेतल्या. त्यात चार खोके उरले होते. "पुढची घरं मी एकटी करते," ती म्हणाली आणि मला वाकून नमस्कार केला, जसा दिवसभर परक्यांना करत होती तसा. मग चढाला लागली. तिला नेमकं कुठलं घर कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण तिने मला विचारलं नाही.